बेसमेंटमध्ये गरम हवेचं नवं व्हेंट काढण्याआधी

अमेरिका-कॅनडातल्या बऱ्याच घरांत एक गंमत असते. फर्नेस, म्हणजे घरातली हवा तापवणारं यंत्र, बेसमेंटमध्ये (तळघरात), गरम हवेचे सगळे डक्ट (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्या) बेसमेंटच्या छताखालून गेलेले, आणि हिवाळ्यात घरातली सर्वांत गार जागा म्हणजे पुन्हा बेसमेंटच. वर सगळे अर्ध्या बाह्यांत वावरतात आणि खाली कामाला बसलेल्याचे पाय गारठतात. मग साहजिकच वाटतं, डोक्यावरून एवढी गरम हवा चालली आहे, तर पत्र्याला एक भोक पाडू, जाळी बसवू, झालं काम.

कधी कधी खरंच तेवढ्यात भागतं. पण पुष्कळदा खाली जेमतेम फरक पडतो, आणि वरची कोपऱ्यातली बेडरूम, जी आधीच कुरकुरत होती, ती आणखी गार पडते. काही घरांत प्रकरण वॉटर हीटरच्या धुरापर्यंत जातं, आणि मग ते जिवावरचं असतं. म्हणून कात्री हातात घेण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत: नव्या व्हेंटमधून येणारी हवा कुणाच्या वाट्याची, आणि ती परत कुठून जाणार?

हवा कुणाच्या वाट्याची

फर्नेस बाहेरून नवी हवा आणून खोल्यांत भरत नाही. घरातलीच हवा रिटर्नच्या, म्हणजे हवा परत नेणाऱ्या, जाळ्यांतून ओढायची, फिल्टरमधून गाळायची, तापवायची आणि पुन्हा घरात ढकलायची, हे त्याचं काम. ढकलणारा पंखा म्हणजे ब्लोअर. फर्नेसच्या डोक्यावर पत्र्याची मोठी पेटी असते, ती प्लेनम. तिच्यातून मुख्य डक्ट निघतो, तो ट्रंक. ट्रंकमधून एकेका खोलीकडे बारीक फांद्या जातात आणि फांदीच्या टोकाला आपल्याला दिसते ती जाळी.

ब्लोअरचा जोर ऐकून आश्चर्य वाटेल इतका कमी असतो. घरगुती फर्नेस साधारणपणे पाण्याच्या अर्धा इंच उंचीएवढ्या दाबाचा हिशेब धरून बनवलेले असतात, म्हणजे सुमारे १२५ पास्कल. वातावरणाचा दाब १,०१,३२५ पास्कल असतो. त्याच्यापुढे हे किरकोळच. या एवढ्याशा दाबातून फिल्टरला, एसीच्या कॉइलला (हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्याला), प्रत्येक एल्बोला (डक्टच्या वळणाला) आणि प्रत्येक जाळीला आपापला वाटा द्यायचा असतो. महागडा जाड फिल्टर घातल्यावर लांबच्या खोलीतला झोत मंदावतो, त्याचं कारणही हेच.

आता समजा, फर्नेसपासून आठ-दहा फुटांवर आपण ट्रंकला भोक पाडलं. मागच्या बेडरूमची फांदी चाळीस फूट लांब आहे, वाटेत तीन एल्बो आहेत. हवा सोपा रस्ता धरते, म्हणजे आपलं भोक. शेवटच्या खोलीला मिळणारी हवा आणखी घटते. फर्नेसमध्ये उष्णता कमी पडली असं यात क्वचितच असतं, कारण बरेच फर्नेस घराच्या गरजेपेक्षा मोठेच बसवलेले असतात. बिघडतं ते वाटप.

एक गैरसमज इथेच दूर करू. ‘नवं व्हेंट काढलं की ब्लोअरवर लोड येतो’ असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात हवेला बाहेर पडायला एक तोंड वाढलं की ब्लोअरपुढचा अडथळा जरा कमीच होतो. अडथळा वाढतो तो उलट केल्यावर: खाली गरम व्हावं म्हणून वरच्या तीन-चार खोल्यांच्या जाळ्या बंद केल्या की. त्यामुळे डक्टमधला दाब वाढतो, सांध्यांतून गळती वाढते आणि हवा फारच कमी झाली तर फर्नेस इतका तापतो की सुरक्षेचा लिमिट स्विच बर्नर बंद करतो. वरच्या जाळ्या बंद करून खालचं बेसमेंट तापवायचा उपाय मी तरी कुणाला सुचवणार नाही.

एका व्हेंटमधून किती ऊब मिळते, हे आकड्यांत बघू. सहा इंच व्यासाच्या गोल पत्र्याच्या डक्टमधून नेहमीच्या दाबाला मिनिटाला साधारण १०० घनफूट हवा जाते. याला सीएफएम म्हणतात. ही हवा १२० अंश फॅरनहाइटची आणि खोली ७० अंशांची धरली तर फरक ५० अंशांचा. सीएफएम गुणिले तापमानातला फरक गुणिले १.०८ केलं की तासाला किती बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) मिळतील ते निघतं. इथे ते ५,४०० येतात. भिंतीच्या प्लगवर चालणारा १,५०० वॉटचा हीटर तासाला सुमारे ५,१०० बीटीयू देतो. म्हणजे सहा इंची एक व्हेंट हे अशा एका हीटरएवढं, पण फक्त फर्नेस चालू असताना. थर्मोस्टॅट वरच्या मजल्यावर आहे. वर हवं तेवढं तापमान झालं की तो फर्नेस बंद करतो, खाली कुणी कुडकुडत असलं तरी. फर्नेस तासातला निम्मा वेळ चालत असेल तर आपल्या व्हेंटची ऊबही निम्मीच.

गोल डक्टच्या मापातही लोक फसतात. चार इंची घेतला तर काम स्वस्तात होईल असं वाटतं, पण सहा इंचीचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच आणि चार इंचीचं साडेबारा. शिवाय बारीक नळीत घर्षण जास्त, त्यामुळे प्रत्यक्षातली हवा त्याहूनही कमी. गरम हवेच्या फांदीला चार इंची डक्ट जवळजवळ निरुपयोगी असतो.

आणि खोलीला मुळात किती ऊब लागते? त्याची शास्त्रशुद्ध पद्धत आहे: अमेरिकेतल्या एअर कंडिशनिंग कंत्राटदारांच्या संघटनेचं ‘मॅन्युअल J’ उष्णतेच्या गरजेसाठी आणि ‘मॅन्युअल D’ डक्टच्या मापांसाठी. अख्खं बेसमेंट राहण्याजोगं करायचं असेल तर हा हिशेब व्यावसायिकाकडून करून घ्यावा. एका कोपऱ्यापुरतं काम असेल तर आधी वेगळंच काहीतरी तपासा. बेसमेंटची भिंत जिथे जमिनीच्या वर डोकावते तिथून आणि तिच्या माथ्यावर जिथे लाकडी तुळया टेकतात त्या रिम जॉइस्टच्या फटींतून सर्वांत जास्त ऊब पळते. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढून वरच्या फटींतून बाहेर पडते आणि तिची जागा भरायला गार हवा खालच्या फटींतून आत येते. वाऱ्याच्या दिवशी रिम जॉइस्टपाशी हात धरला की ती सरळ जाणवते. या फटी बुजवून तिथे इन्सुलेशन घातलं की कित्येकदा व्हेंटचा विचारच मागे पडतो. काँक्रीटला जाडी असली तरी ऊब अडवण्याच्या बाबतीत ते फारसं कामाचं नाही.

परतीचा रस्ता

रिकाम्या बाटलीच्या तोंडाला ओठ घट्ट लावून आत फुंकून बघा. क्षणभर हवा जाते आणि मग गाल फुगतात, आत काही जात नाही. दार बंद असलेल्या खोलीत नुसतं गरम हवेचं व्हेंट काढलं की तसंच होतं. हवा आत येण्यासाठी आधीची हवा बाहेर पडायला हवी.

बेसमेंट मोकळं असेल, जिना उघडा असेल आणि व्हेंट एखादंच असेल तर जिन्यावरून हवा आपली आपण वर जाते, वेगळं रिटर्न लागत नाही. भिंती घालून, दार लावून खोली केली असेल तर मात्र वाट ठेवावी लागते: दाराखाली पुरेशी फट, किंवा भिंतीत आरपार जाळी, किंवा स्वतंत्र रिटर्न डक्ट. दाराखालची फट पुरते का हे बघायला यंत्र लागत नाही. फर्नेस चालू असताना दार हळूहळू लोटत आणा. शेवटच्या दोन इंचांत ते हाताला विरोध करू लागलं तर हवेला बाहेर पडायला जागा कमी आहे.

रिटर्न काढताना जरा थांबावं लागतं, कारण इथे चूक महागात पडते. नुसतं गरम हवेचं तोंड काढलं तर बेसमेंटमध्ये हवेचा दाब किंचित वाढतो. त्यात धोका नसतो, फक्त ऊब नीट मिळत नाही. नुसतं रिटर्न काढलं, किंवा रिटर्न मोठं आणि व्हेंट लहान झालं, तर बेसमेंटमधला दाब उतरतो आणि बेसमेंट जिथून मिळेल तिथून हवा ओढू लागतं. अशी एक वाट वॉटर हीटरच्या धुराड्यातून असते.

जुन्या पद्धतीच्या गॅस वॉटर हीटरच्या माथ्यावर पत्र्याची एक छोटी टोपी असते, तिला ड्राफ्ट हूड म्हणतात. टोपीच्या खाली चारी बाजूंनी मोकळी जागा असते आणि गरम धूर केवळ हलका म्हणून वर जातो. ढकलणारा पंखा नसतो. खोलीतला दाब जरा उतरला की हा धूर उलटा फिरून खोलीत येऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. वरून ब्लोअर तीच हवा ओढून घरभर वाटतो. म्हणूनच अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधाराला घेतला जाणारा इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड सांगतो की त्याच जागेतल्या दुसऱ्या इंधन जाळणाऱ्या उपकरणाच्या ड्राफ्ट हूडपासून किंवा ज्वलनकक्षापासून १० फुटांच्या आत रिटर्नचं तोंड नको. याला थोडे अपवाद आहेत, पण घरी काम करणाऱ्यानं ते शोधत बसू नये. फर्नेसच्याच खोलीत रिटर्न नको, बाथरूममध्ये नको, आणि गॅरेजमधून तर मुळीच नको.

तुमच्याकडे कोणतं उपकरण आहे हे नळ्यांवरून कळतं. फर्नेस किंवा वॉटर हीटरला पांढऱ्या पीव्हीसीच्या दोन नळ्या असतील, एक हवा आत घेणारी आणि एक धूर बाहेर सोडणारी, आणि दोन्ही भिंतीतून बाहेर जात असतील, तर त्याचं ज्वलन खोलीच्या हवेपासून तुटलेलं आहे. त्याला हा धोका जवळजवळ नाही. पत्र्याचं धुराडं आणि टोपी असेल तर काम झाल्यावर ही चाचणी कराच: सगळ्या खिडक्या आणि बाहेरची दारं बंद, बेसमेंटचं दार बंद, फर्नेसचा ब्लोअर चालू, बाथरूममधले आणि स्वयंपाकघरातले पंखे चालू, कपड्यांचा ड्रायर चालू. मग वॉटर हीटर पेटवा, पाच मिनिटं थांबा आणि पेटलेली उदबत्ती टोपीच्या कडेशी धरा. धूर टोपीखाली ओढला गेला तर ठीक. तोंडावर आला तर वॉटर हीटर बंद करा, खिडक्या उघडा आणि गॅसच्या कामाचा जाणकार बोलावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर असायलाच हवा, व्हेंट काढा की न काढा.

दाब उतरण्याचा दुसरा परिणाम हळू असतो. जमिनीतून येणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू बेसमेंटच्या भेगांतून आत ओढला जातो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या मते दर लिटरला ४ पिकोक्युरी किंवा जास्त रेडॉन असेल तर उपाय करावा. कॅनडात ही मर्यादा दर घनमीटरला २०० बेकरेल आहे. बेसमेंटमध्ये कुणी झोपणार असेल तर रेडॉनची तपासणी आधी आणि डक्टचं काम नंतर.

तोंड कुठे

सर्वांत सोपी जागा छतात, कारण डक्ट तिथेच आहे. पण गरम हवा वर राहते. छतातून सोडलेली ऊब छतालाच लोंबकळते आणि पाय होते तसेच गार. जमत असेल तर डक्ट भिंतीच्या आतून खाली आणून तोंड जमिनीपासून थोड्या उंचीवर, शक्यतो बाहेरच्या भिंतीला खिडकीखाली काढावं. भिंतीतल्या उभ्या लाकडांमध्ये बसणारे सव्वातीन बाय दहा इंचांचे चपटे डक्ट याच कामासाठी मिळतात. हे नाहीच जमलं तर छतातली जाळी निदान झोत तिरका खाली फेकणारी घ्या आणि रिटर्न जमिनीलगत ठेवा. खालची गार हवा निघून गेली की वरची ऊब खाली सरकते.

ट्रंकवर फांदी कुठे जोडायची यालाही रीत आहे. ट्रंकच्या अगदी शेवटच्या बंद टोकाला नको. टोकाआधी किमान फूटभर जागा सोडावी. दुसऱ्या खोलीच्या फांदीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून तर नकोच, कारण मग दोन्ही खोल्या भांडत बसतात. आणि प्लेनमला सहसा हात लावू नये. त्याच्या आत एसीची कॉइल असते. कात्री किंवा स्क्रू तिच्यात घुसला की रेफ्रिजरंट गेला आणि मोठं बिल आलं.

आपण कापतोय तो गरम हवेचाच डक्ट आहे ना, हेही खात्रीनं बघा. फर्नेस दहा मिनिटं चालू द्या आणि पत्र्याला हात लावा. गरम लागला तर सप्लाय (गरम हवा नेणारा), खोलीइतकाच लागला तर रिटर्न. जुन्या घरांत दोन तुळयांच्या मध्ये पत्रा ठोकून त्याच पोकळीचा रिटर्न केलेला असतो आणि तो सप्लायसारखाच दिसतो. डक्टवर किंवा सांध्यांवर पांढरट कागदासारखं जुनं वेष्टन दिसलं तर ते खरवडू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. तुळया कापून वाट काढायचा मोह तर टाळाच. कारखान्यात बनवलेल्या आय-जॉइस्टची वरची-खालची पट्टी कापली की ती तुळई गेलीच म्हणायची.

पत्र्याचं काम

फर्नेस बंद करा, स्विचही बंद करा. हातात जाड मोजे, डोळ्यांना चष्मा. कापलेल्या पत्र्याची धार सुरीसारखी असते आणि ती लागल्याचं उशिरा कळतं.

जोडणीसाठी तयार कॉलर मिळतो: एका बाजूला गोल तोंड, दुसऱ्या बाजूला दुमडायच्या पट्ट्या, आत शक्यतो एक डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप. डॅम्परवाला कॉलरच घ्या. नंतर त्याच्यावरच सगळं अवलंबून आहे. कॉलर ट्रंकच्या बाजूला टेकवून मार्करनं त्याच्याभोवती गोल काढा. कापायचं मात्र रेषेच्या आतून, केसभर लहान, कारण मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. मध्यभागी जाड स्क्रूड्रायव्हरनं किंवा ड्रिलनं एक भोक पाडा आणि तिथून गोगलगाईच्या शंखासारखं वळत वळत रेषेपर्यंत या. पत्रा कापायच्या कात्र्यांची मूठ रंगीत असते: लाल डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ. लाल कात्रीनं उजवीकडे वळायचा हट्ट केला की पत्रा चुरगळतो. कॉलर आत सरकवून आतल्या पट्ट्या एकेक करून बाहेरच्या बाजूला दुमडायच्या. हात आत घालावा लागतो, म्हणून मोजे काढायचे नाहीत.

पुढच्या नळीचं चुण्या घातलेलं टोक हवेच्या दिशेला, म्हणजे फर्नेसपासून दूर तोंड करून असावं. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू. मग सांध्यावर मॅस्टिकचा (सांधे बुजवणाऱ्या लगद्याचा) लेप किंवा यूएल १८१ असा शिक्का असलेली फॉइल टेप. डक्ट टेप या नावानं विकली जाणारी राखाडी कापडी टेप इथे चालत नाही. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९९८ मध्ये डक्टच्या सांध्यांवर वेगवेगळ्या टेपा लावून तापवून पाहिल्या गेल्या, त्यात हीच टेप सर्वांत वाईट ठरली. तापली-थंड झाली की तिचा डिंक सुकतो आणि ती गळून पडते.

लवचीक डक्ट वापरायचा असेल तर तो ताणून, सरळ आणि दर चार-पाच फुटांवर आधार देऊन लावा. सैल, झोळीसारखा लोंबणारा डक्ट निम्मी हवा खातो. मला विचाराल तर ज्या ठिकाणी पत्र्याची नळी जाऊ शकते तिथे पत्र्याचीच लावावी.

परवान्याचं काय? डक्ट वाढवायला बऱ्याच शहरांत मेकॅनिकल परमिट लागतं, तेव्हा आधी स्थानिक बांधकाम खात्याला विचारा. बेसमेंट राहण्याची खोली म्हणून नोंदवायचं असेल तर वर सांगितलेल्या कोडप्रमाणे जमिनीपासून ३ फूट उंचीवर आणि बाहेरच्या भिंतीपासून २ फुटांवर ६८ अंश फॅरनहाइट टिकवता आलं पाहिजे, आणि त्यात हलवता येणारा हीटर धरत नाहीत.

झाल्यावर

नवा डॅम्पर आधी अर्धाच उघडा. एक-दोन गार रात्री जाऊ द्या, सर्वांत लांबच्या खोलीत थर्मामीटर ठेवा आणि मग थोडा थोडा उघडत जा. ती खोली उतरू लागली की तिथेच थांबा. तिला हवीच असेल जास्त हवा, तर फर्नेसजवळच्या, आधीच तापणाऱ्या खोल्यांच्या डॅम्परमधून थोडी काढून घ्या.

फर्नेसच्या दारामागच्या पाटीवर तापमानवाढीची मर्यादा छापलेली असते, उदाहरणार्थ ३५ ते ६५ अंश. रिटर्नमधली आणि ट्रंकमधली हवा मोजून दोन्हीतला फरक काढा. तो मर्यादेच्या वर गेला तर हवा कमी पडते आहे. बहुतेक वेळा मळलेला फिल्टर किंवा अपुरं रिटर्न हे त्याचं कारण असतं.

सगळं करूनही खोली दिवसभर तापत नसेल तर कारण थर्मोस्टॅट वर असण्यात आहे, डक्टमध्ये नाही. ब्लोअर अधूनमधून फिरत ठेवायची सोय असेल तर ती वापरून बघा. बेसमेंटसाठी वेगळा थर्मोस्टॅट आणि मोटरवर चालणारे डॅम्पर घालून स्वतंत्र झोन करता येतो, पण तो खर्च आणि छोटा मिनी-स्प्लिट हीट पंप (एका खोलीपुरता, स्प्लिट एसीसारखा पण ऊबही देणारा) बसवण्याचा खर्च शेजारी मांडून बघा. रोज आठ तास वापरायच्या खोलीला मला मिनी-स्प्लिट बरा वाटतो, कारण तो वरच्या मजल्याला विचारत बसत नाही.

उन्हाळ्यात हाच डक्ट एसीची गार हवा आधीच थंड असलेल्या बेसमेंटमध्ये ओततो. भिंती आणखी गार होतात, दमट हवेचं पाणी त्यांवर धरतं आणि बुरशीचा वास येऊ लागतो. एसी सुरू करायच्या आधी डॅम्पर बंद करा. त्याचा दांडा आडवा म्हणजे बंद की उघडा, हे वर्षभरानं कुणाला आठवत नाही, म्हणून शेजारी पत्र्यावरच मार्करनं लिहून ठेवा.